छोटी क्रूझिंग पॉवरबोट कशी निवडायची? सी-डोरी, रेंजर टग आणि इतर बोटींची तुलना

फोन घेताना आपण काय करतो? दोन-तीन मॉडेल्स निवडतो, रॅम, बॅटरी, कॅमेरा यांचा तक्ता समोर ठेवतो आणि बजेटमध्ये जे बसेल ते उचलतो. फोन चुकला तरी फार बिघडत नाही, वर्षभरात विकून टाकता येतो. बोटीचं तसं नाही. पैसे जास्त अडकतात, विकायला वेळ लागतो, आणि चुकीच्या बोटीवर चुकीच्या दिवशी तुम्ही थंड पाण्याच्या मधोमध असता.

मी सिएटलजवळ सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. आम्ही दोन कुटुंबं मिळून एक सेकंड हॅन्ड बोट घ्यायची ठरवतोय. बजेट ६० हजार डॉलर, म्हणजे प्रत्येकी ३० हजार. गरज अशी: उन्हाळ्यात सॅन वान बेटांपर्यंत जाता यावं, बोटीतच दोन-तीन रात्री झोपता यावं, आणि पुढच्या वर्षी आई-बाबा भारतातून आले की त्यांनाही फिरवता यावं. बाबांचे गुडघे दुखतात, आईला उलटीचा त्रास आहे. ही दोन वाक्यं कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये नसतात, पण आमच्या निर्णयात सगळ्यात जड तीच ठरली.

गेले चार महिने मी जे वाचलं, मोजलं आणि बोटींवर जाऊन पाहिलं, ते इथे मांडतोय. बोट घ्यायची नसेल तरी वाचा, कारण यातलं बरंचसं साधं फिजिक्स आहे.

क्रूझिंग पॉवरबोट म्हणजे नक्की काय?

इंजिनवर चालणारी, बंद केबिन असलेली, झोपायला आणि स्वयंपाकाला थोडी तरी सोय असलेली बोट. शीड नाही. इथे आपण २१ ते २६ फुटांच्या बोटींबद्दल बोलतोय. यांना ‘पॉकेट क्रूझर’ही म्हणतात. कारमागे ट्रेलरवर नेता येणारी छोटी व्हॅनिटी व्हॅन समजा, फक्त ती पाण्यात चालते.

सिएटल भागात ही जात फार लोकप्रिय आहे आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्या याच वॉशिंग्टन राज्यातल्या आहेत. सी-डोरी इथलीच, रेंजर टग्ज इथलीच, नॉर्डिक टग इथलीच. बेलायनरही मूळची इथलीच. कारण सरळ आहे: पाऊस, गार वारा आणि शेकडो बेटं. उघड्या बोटीत मजा येते ती जुलै-ऑगस्टमध्ये. बाकी वर्षभर डोक्यावर छप्पर आणि समोर वायपर लागतो.

तळाचा आकार: सगळ्याची सुरुवात इथून

बोटीचा रंग, खिडक्या, फ्रिज हे नंतर. आधी तळ बघायचा. कारण तळ बदलता येत नाही.

पहिला प्रकार डिस्प्लेसमेंट. ही बोट पाणी बाजूला सारत पुढे जाते. तिच्या वेगाला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. बोट चालते तेव्हा स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते, आणि एका टप्प्यावर बोटीच्या लांबीइतकी होते. मग बोट आपल्याच लाटेचा चढ चढायला लागते. इंजिन कितीही रेटा, इंधन जळतं, वेग वाढत नाही. याचं सूत्र सोपं आहे: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. लांबी २० फूट असेल तर साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. आपल्याकडे सायकलवाला याहून पुढे जातो. आणि लांबी दुप्पट, म्हणजे ४० फूट केली, तरी उत्तर ८.५ च्या आतच राहतं.

दुसरा प्रकार प्लेनिंग. तळ मागच्या बाजूला सपाट, वजन कमी, इंजिन मोठं. ठरावीक वेगानंतर ही बोट स्वतःच्या लाटेवर चढते आणि पाण्यावर घसरत धावते. १५-२० नॉट सहज मिळतात. पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: इंधनात आणि दणक्यांत. सपाट तळ लाटेवर आपटतो. पुढे ‘व्ही’ आकार खोल केला तर दणके कमी होतात, पण मग प्लेन करायला ताकद जास्त लागते आणि उभी असताना बोट जास्त डोलते.

तिसरा प्रकार मधला, सेमी-डिस्प्लेसमेंट. ६-७ नॉटला काटकसरीने चालते, आणि हवं तेव्हा जोर लावला तर १२-१५ ला जाते. दोन्हींतलं चांगलं मिळतं असं विक्रेता सांगेल. माझ्या मते दोन्हींतलं थोडं थोडं वाईटही मिळतं, पण बऱ्याच लोकांना तोच सौदा परवडतो.

६ नॉट पुरतात का?

हा प्रश्न आमच्या दोन्ही घरांत सगळ्यात जास्त चघळला गेला. माझा पार्टनर म्हणतो, सुट्टीवर जातोय, घाई कसली? मुद्दा बरोबर आहे. पण गणित बघा.

सिएटलहून उत्तरेला पोर्ट टाउनसेंड ३० सागरी मैल धरा. ६ नॉटच्या बोटीला ५ तास, १५ नॉटच्या बोटीला २ तास. आता यात प्रवाह घाला. प्युजेट साऊंडमध्ये भरती-ओहोटीचं पाणी अरुंद वाटांतून आत-बाहेर धावतं. दीड नॉटचा प्रवाह विरुद्ध असेल तर हळू बोटीचा खरा वेग साडेचार, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. प्रवाह मदतीला असेल तर ४ तास. वेगवान बोटीला हाच फरक २ तास १३ मिनिटं विरुद्ध १ तास ५० मिनिटं. म्हणजे हळू बोटीचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. वेगवान बोटीचं तुम्ही ठरवता, निदान बऱ्याच वेळा.

डिसेप्शन पास नावाची एक अरुंद खिंड आहे, तिथे प्रवाह ८ नॉटपर्यंत जातो. ६ नॉटची बोट तिथे पूर्ण जोर लावूनही २ नॉटने मागे जाईल! अर्थात १५ नॉटची बोट असली तरी अशा पाण्यात शिरायचं नसतं. पाणी थांबण्याची वेळ बघायची आणि तेव्हाच पार व्हायचं. बाबा रत्नागिरीचे. फोनवर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “अरे, त्यात नवीन काय? खाडीच्या मुखाशी तांडेल हेच बघतो. तू वेगाचं सोड, उधाणाच्या दिवशी वारा समोर आला तर बोट कशी चालते ते विचार.”

आणि खरंच, हाच प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. सॅन वान बेटांकडे जाताना हुआन दे फुका सामुद्रधुनीचा उघडा टप्पा लागतो, वीसेक सागरी मैलांचा. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे पश्चिमेचा वारा वाढतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी पश्चिमेला वाहत असेल तर वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि लाटा उभ्या, जवळजवळ, चौकोनी होतात. पाण्याचं तापमान साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअस. कोकणातल्यासारखं नाही, की पडलो तर पोहत येऊ. म्हणून इथे वेगाचा खरा उपयोग घाईसाठी नाही. सकाळी वारा झोपलेला असतो, त्या तीन तासांत उघडा टप्पा ओलांडून टाकता येतो. ६ नॉटची बोट तोच टप्पा पार करेपर्यंत दुपार होऊ शकते. या एका मुद्द्यावर माझं मत हळू बोटीच्या विरोधात गेलं.

इंजिन: बाहेर की आत, पेट्रोल की डिझेल?

आऊटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे लटकवलेलं इंजिन. फायदे: केबिनमध्ये जागा मोकळी राहते, खारं पाणी संपलं की इंजिन वर उचलता येतं, दुरुस्ती सोपी, आणि अगदीच खराब झालं तर अख्खं बदलता येतं. तोटा: पंखा उघडा असतो. इथल्या पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगत असतात, काही तर पाण्याच्या पृष्ठभागालगत उभे. पंखा त्यावर आपटला की खर्च.

इनबोर्ड डिझेल म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात आणि शाफ्ट तळातून बाहेर. टगसारख्या बोटींत पंख्याच्या पुढे लांब कणा असतो, म्हणजे ओंडका आधी कण्याला लागतो. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी झटकन पेटत नाही, हा सुरक्षेचा मोठा मुद्दा. पण वजन जास्त, आवाज केबिनच्या खालून येतो, आणि सुटे भाग महाग.

तिसरा प्रकार स्टर्नड्राइव्ह: इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर, मध्ये रबरी भाता. जुन्या बेलायनरमध्ये बहुधा हेच मिळतं. पाण्यात राहणाऱ्या बोटीत तो भाता फाटला की पाणी थेट आत येतं. वेळच्या वेळी बदलला तर काही होत नाही, पण आधीच्या मालकाने बदलला होता का, हे तुम्हाला कोण सांगणार?

इंधनासाठी एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. पेट्रोल इंजिन १ गॅलनमध्ये तासभर साधारण १० अश्वशक्ती देतं, डिझेल साधारण २०. म्हणजे १५० अश्वशक्तीचं डिझेल पूर्ण जोरात ताशी साडेसात गॅलन पितं. त्यात १५ नॉट मिळत असतील तर गॅलनमागे २ सागरी मैल. तीच बोट साडेसहा नॉटला आणली तर ताशी दीड गॅलनच्या आसपास, म्हणजे गॅलनमागे चारच्या वर. ऍक्सिलरेटर मागे घेतला की रेंज दुप्पट!

आणि टाकी म्हणजे रेंज नव्हे. बोटवाल्यांचा नियम आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. टाकी ४० गॅलनची आणि गॅलनमागे ३ मैल असतील, तर कागदावर १२० मैल. प्रत्यक्षात घरापासून ४० मैल लांब जायचं आणि मागे फिरायचं किंवा इंधन भरायचं. फोन ३३ टक्क्यांवर आला की चार्जर शोधायचा, इतकंच.

लांबीचे आकडे आणि वजनाचं खरं गणित

मेगापिक्सेलसारखाच बोटीच्या लांबीचा आकडाही फसवा असतो. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे कधी फक्त सांगाड्याची लांबी असते, कधी जवळपासचा गोल आकडा. मागचा पोहायचा ओटा, लटकलेलं इंजिन, पुढचा नांगराचा भाग त्यात धरलेला नसतो. मरीना मात्र महिन्याचं भाडं फुटांवर लावते आणि बऱ्याच ठिकाणी टोकापासून टोकापर्यंत मोजते. म्हणून मोजपट्टी घेऊन जा.

रुंदीचा आकडा याहून महत्त्वाचा. अमेरिकेत साधारणपणे ८ फूट ६ इंचांपर्यंतची बोट खास परवान्याशिवाय रस्त्यावर ओढता येते. म्हणूनच या वर्गातल्या इतक्या बोटी बरोबर ८ फूट ६ इंच रुंद आहेत. नॉर्डिक टग २६ ही १९८० पासूनची फार देखणी, नावाजलेली बोट, पण रुंदी ९ फूट ६ इंच. म्हणजे प्रत्येक वेळी परवाना, नाहीतर कायमची मरीना. आमच्या यादीतून ती तिथेच गेली. मन थोडं खट्टू झालं, पण गेली.

आता वजन. जाहिरातीत दिलेलं वजन बहुतेक वेळा कोरडं असतं: इंधन नाही, पाणी नाही, कधी कधी आऊटबोर्डसुद्धा धरलेलं नसतं. सी-डोरी २२ चं उदाहरण घेऊ. रिकामी बोट ढोबळ २००० पौंड. त्यात ९० अश्वशक्तीचं इंजिन ३६० पौंड. ४० गॅलन पेट्रोल, गॅलनला ६ पौंड, म्हणजे २४०. पाणी २० गॅलन, गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे १६६. नांगर, साखळी, बॅटऱ्या, सामान ४०० धरा. ट्रेलर स्वतः ९००. एकूण ४००० च्या थोडं वर. आमच्या एसयूव्हीची ओढायची क्षमता ५००० पौंड. बसते, पण फार ऐसपैस नाही.

हाच हिशोब रेंजर आर-२५ चा केला तर रिकाम्या वजनाची सुरुवातच ६००० पौंडांच्या पुढून होते आणि ट्रेलरसकट आकडा ९००० च्या पार जातो. म्हणजे मोठा पिकअप ट्रक हवा. बोटीच्या किमतीत ट्रकची किंमत धरली नाही तर तुलना खोटी होते. सी-डोरी २५ या दोघांच्या मध्ये येते, पण तीसुद्धा आमच्या गाडीच्या आवाक्याबाहेर.

ट्रेलरचा एवढा आग्रह का? कारण बोट अंगणात ठेवता येते, मरीनाचं भाडं वाचतं, आणि अॅनाकोर्टेसपर्यंत महामार्गाने जाऊन थेट बेटांजवळ पाण्यात उतरता येतं. रस्त्यावर ही बोट ताशी ९० किलोमीटरने ‘चालते’. उघड्या सामुद्रधुनीचा प्रश्नच बायपास होतो.

केबिन: झोप, स्वयंपाक आणि संडास

झोपायच्या जागेचे आकडे बघू नका, आडवे व्हा. बोट दाखवणारा हसला तरी चालेल. “चार जणांची सोय” म्हणजे दोन जण पुढच्या त्रिकोणी गादीवर, आणि उरलेले दोन रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून केलेल्या पलंगावर. त्यातले दोघे लहान मुलं असतील तर उत्तम. बोटीत किती माणसं बसवायची याची पाटी अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटींनाच सक्तीची आहे. २२ फुटांच्या बोटीवर ती नसू शकते. पलंग चार म्हणजे माणसं चार चालतील, असा अर्थ काढायचा नाही.

सी-डोरी २२ मध्ये संडास म्हणजे गादीखाली सरकवलेला पोर्टा-पॉटी. दार नाही, भिंत नाही. सी-डोरी २५ आणि रेंजर आर-२५ मध्ये बंद खोली आणि टाकी. प्युजेट साऊंड १० मे २०१८ पासून ‘नो डिस्चार्ज झोन’ आहे, म्हणजे प्रक्रिया केलेलं मैलापाणीही समुद्रात सोडता येत नाही. ते साठवायचं आणि पंपावर रिकामं करायचं. आम्हा चौघांना पोर्टा-पॉटी चालेल. आई-बाबांना तीन दिवस? बायको म्हणाली, “हा प्रश्न तू आईंना फोनवर विचारून दाखव.” मी विचारला नाही. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

स्वयंपाकाला बऱ्याच बोटींत फिनलंडच्या वॉलास कंपनीची डिझेल शेगडी असते. झाकण खाली केलं की तीच हीटर होते, ही कल्पना मला फार आवडली. पण तापायला वेळ लागतो. गॅससारखी झटपट फोडणी नाही. तशीही बंद केबिनमध्ये फोडणी करू नका, मोहरीचा वास पुढच्या मोसमापर्यंत गाद्यांत राहील. चहा, खिचडी, उपमा जमतो. वाफेचं पाणी मात्र रात्री काचांवरून ठिबकतं, म्हणून छताची झडप उघडून बघा, हवा खेळते का.

एक सुरक्षेची गोष्ट. पेट्रोल बोट पुढे जाताना मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि इंजिनाचा धूर उलटा केबिनमध्ये खेचला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा डिटेक्टर नसेल तर आधी तो लावायचा, मग बाकीचं.

बाबांच्या गुडघ्यांसाठी मी धक्क्यापासून बोटीत उतरायची पायरी इंचांत मोजली. आणि नांगराकडे जायची वाट बघितली. रेंजरमध्ये बाजूने अरुंद का होईना वाट असते. सी-डोरी २२ मध्ये छतावरची दांडी धरून काठावरून जायचं, किंवा पुढच्या झडपेतून डोकं वर काढायचं. मी झडपच वापरेन.

सी ट्रायलला फोन कसा वापरायचा?

सी ट्रायल म्हणजे बोटीची टेस्ट ड्राइव्ह. विक्रेता छान, शांत सकाळी नेतो. तुम्ही तुमचे आकडे घ्या.

पहिलं, खरा वेग. फोनचं जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग दाखवतं, पाण्याच्या नव्हे. म्हणून ठरावीक आरपीएमला एका दिशेने दोन मिनिटं जा, उलट फिरून दोन मिनिटं परत या, आणि दोन्ही वेगांची सरासरी काढा. प्रवाह आपोआप वजा होतो. १०००, २०००, ३००० अशा टप्प्यांवर घ्या. इंधन मीटर असेल तर ताशी गॅलनने भागा, गॅलनमागे मैल मिळतात.

दुसरं, आवाज. डेसिबल मोजणारं कुठलंही ॲप चालेल. अचूकता जेमतेम असते, पण तोच फोन सगळ्या बोटींत वापरला तर तुलना बरोबर येते. मी पाहिलेल्या एका डिझेल बोटीत क्रूझिंग वेगाला ८० च्या वर आकडा आला आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो.

तिसरं आणि माझं आवडतं: दणके. आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप फोनमधल्या एक्सलरोमीटरचे आकडे नोंदवतं. फोन चालकाच्या आसनाजवळ टेपने घट्ट चिकटवा, नोंद सुरू करा, आणि एखाद्या फेरीच्या लाटा मुद्दाम वेगवेगळ्या वेगाने ओलांडा. सी-डोरीच्या सपाट तळाबद्दल सगळे सांगतात की ती आपटते. आलेखात ते दिसलं: १६ नॉटला उंच टोकं, ११ ला तीच टोकं निम्म्याहून कमी. म्हणजे समोरून लाट असेल तर वेग कमी करणे हाच उपाय, आणि ही बोट कमी वेगालाही प्लेनवर टिकून राहते, हा तिचा मोठा गुण. आईसाठी मी तो ११ नॉटचा आकडा गोल करून ठेवलाय.

समुद्रावर फोनवरच विसंबून राहायचं का? नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशे आधी डाउनलोड केलेले हवेत. सॅन वान बेटांत रेंज जाते किंवा फोन कॅनडाचा टॉवर पकडतो. ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही. बोटीवर चार्टप्लॉटर आणि व्हीएचएफ रेडिओ हवाच. चॅनल १६ वर मदत मागितली की आजूबाजूच्या सगळ्या बोटींना ऐकू जातं, फोनवर फक्त एकाला.

सेकंड हॅन्ड बोट तपासताना

प्रत्येक बोटीवर मागे उजव्या बाजूला १२ अक्षर-अंकांचा हल नंबर असतो. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींत शेवटची चार चिन्हं वाचायला शिका. ‘एच ४ ०५’ असेल तर एच म्हणजे आठवा महिना, ऑगस्ट. ४ म्हणजे २००४. आणि मॉडेल वर्ष २००५. जाहिरातीत २००७ लिहिलं असेल तर विचारा.

इंजिनाचे तास फक्त मीटरवरून घेऊ नका. आधुनिक आऊटबोर्डच्या कॉम्प्युटरमध्ये किती तास कुठल्या आरपीएमला चालवलं, याची नोंद असते. यामाहासारख्या इंजिनांची ती प्रिंट डीलर काढून देतो. ६०० तास, पण त्यातले बहुतेक मध्यम वेगाला, हे ३०० तास पूर्ण जोरात चालवलेल्या इंजिनापेक्षा मला बरं वाटतं. आम्ही एका विक्रेत्याकडे ही प्रिंट मागितली, त्याने आठवडाभर टाळलं. आम्ही पुढे गेलो.

फायबरग्लासच्या आत अनेक बोटींत बाल्सा लाकडाचा थर असतो. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की तो आतून कुजतो, बाहेरून चकाचक दिसतो. हे ओळखायला स्वतंत्र सर्व्हेअर लागतो, जो ओलावा मीटर लावतो आणि हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. सर्व्हेअर तुम्ही निवडायचा, विक्रेत्याने सुचवलेला नाही.

किमतीवर आणखी भर धरा: सिएटल भागात विक्रीकर १० टक्क्यांच्या आसपास, आणि १६ फुटांपासून पुढच्या बोटींना वॉशिंग्टनमध्ये दरवर्षी बाजारभावाच्या अर्धा टक्का कर. शिवाय विमा. १५ अश्वशक्ती किंवा अधिक चालवायला बोटर एज्युकेशन कार्ड लागतं, १ जानेवारी १९५५ च्या आधी जन्मलेल्यांना सूट आहे.

मग कुठली?

रेंजर आर-२१ गोड आहे, खेळण्यातल्या टगसारखी. छोटं डिझेल, इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य. तलावासाठी, निवृत्त जोडप्यासाठी मी डोळे मिटून सुचवेन. आमच्यासाठी हळू आणि दोन कुटुंबांना लहान.

रेंजर आर-२५ ही यादीतली सगळ्यात आरामदायी. बंद संडास, धक्क्याला लावताना बाजूला ढकलणारा बो थ्रस्टर, चांगला स्वयंपाकघराचा कट्टा. जुनी डिझेल आवृत्ती काटकसरीची, नंतरची आऊटबोर्ड आवृत्ती वेगवान. पण चांगल्या अवस्थेतली बोट आमच्या बजेटच्या वर, आणि मागे ट्रक किंवा मरीना. ज्यांचं बजेट दुप्पट आहे त्यांनी आधी हीच बघावी.

नोव्हा स्कॉशियाची रोझबरो आरएफ-२४६ मला कागदावर आवडली, मच्छीमार बोटीसारखा दणकट बांधा. पण ती कॅनडाच्या दुसऱ्या टोकाची, इकडे विकायला क्वचितच येते. बेलायनरच्या जुन्या हार्डटॉप बोटी सगळ्यात स्वस्त, आणि केबिन त्या मानाने मोठी. स्वतः इंजिन उघडायची आवड असेल तर वाईट सौदा नाही. आम्हा चौघांपैकी कोणालाच ती आवड नाही.

उरल्या दोन सी-डोरी. २५ घेतली तर संडासाचा प्रश्न सुटतो आणि गाडीचा उभा राहतो. २२ घेतली तर उलट. तीन रविवार यावर गेले. शेवटी आम्ही प्रश्न बदलला: आई-बाबा वर्षातून किती रात्री बोटीत झोपणार? बहुधा एकही नाही. त्यांना लेक युनियन आणि लेक वॉशिंग्टनमध्ये दिवसाची सहल पुरेशी आहे; गोडं, शांत पाणी, थोड्या थोड्या अंतरावर उतरायला धक्के. बॅलार्डच्या लॉकमधून एकदा त्यांना समुद्रात उतरवायचं, १९१७ पासून चालू असलेलं ते यंत्र बघून बाबा खूश होतील. बेटांवरच्या रात्री आमच्या चौघांच्या, दोन-दोनच्या पाळीने.

म्हणून सी-डोरी २२ ला आम्ही ऑफर दिली आहे, सर्व्हे आणि सी ट्रायल समाधानकारक असेल या अटीवर. ठरलेल्या रकमेनंतर बजेटमध्ये साडेआठ हजार डॉलर उरतात. त्यातून कर भरायचा, नवीन व्हीएचएफ, डिटेक्टर, लाइफ जॅकेट्स आणि ट्रेलरचे ब्रेक करायचे आहेत. सर्व्हेअरची वेळ येत्या शनिवारी सकाळी नऊची मिळाली आहे. खिडक्यांच्या चौकटींभोवती आणि आऊटबोर्ड बसवलेल्या मागच्या भिंतीवर ओलावा मीटर काय दाखवतो, त्यावर ऑफर टिकेल की नाही ते ठरेल.